पोलिसांना ट्रेनिंग द्यायला पैसे मिळून राहिले, घ्यावे का? विदर्भातल्या संस्थावाल्यांनी सांगा

अडाणकाठची:

नमस्कार. थोडं लांब होईल पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमची संस्था यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आहे, लहानशीच. बचत गटापासून सुरू झाली, मग बायका मारहाणीच्या आणि दारूच्या तक्रारी घेऊन यायला लागल्या म्हणून समुपदेशन पण करतो. पगारावर दोघीच आहोत, बाकी गावोगावच्या कार्यकर्त्या, त्यांना फक्त प्रवासखर्च. आता एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांनी (म्हणजे कंपनीचा समाजकामाचा पैसा बघणाऱ्यांनी) विचारलंय की पोलिसांसाठी जेंडर सेन्सिटायझेशनचं, म्हणजे बायकांशी नीट, समजून वागायला शिकवायचं काम कराल का. एक वर्षाचा प्रोजेक्ट, जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-दोन दिवसांची वर्कशॉप, बॅचला चाळीस जण, आधी एक पेपर नंतर एक पेपर, आणि गावांमधे पोलीस-महिला संवाद मेळावे. एसपी ऑफिसला जाऊन आलो, तिथून "करा की मॅडम, हॉल आम्ही देतो" असं तोंडी मिळालंय. रक्कम आमच्या वर्षभराच्या बजेटपेक्षा जास्त आहे आणि त्याचंच टेन्शन आलंय.

कारण रोज जे दिसतं ते असं, की बाई वीस-पंचवीस किलोमीटरवरून एसटीनं नाहीतर काळीपिवळीनं येते, कडेवर लेकरू, आणि तक्रार घ्यायला बसलेल्या ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न "नवरा कुठाय? पिऊन मारलं का? मग उतरली की येईल ताळ्यावर." मग फोन बीटवाल्याला, म्हणजे त्या गावांकडं बघणाऱ्या पोलिसाला, बीटवाल्याचा पोलीस पाटलाला, पोलीस पाटलाचा तंटामुक्तीच्या अध्यक्षाला, आणि संध्याकाळी आपसात झालं म्हणून अंगठा घेऊन बाई परत त्याच घरी. फार झालं तर एनसी, म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद. चांगले लोक नाहीत असं अजिबात नाही, एक ठाणे अंमलदार आधी पाणी द्यायला लावायचा, बसवायचा, मग विचारायचा. त्याची बदली झाली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

तर मला खरंच कळत नाहीये की दोन दिवस हॉलमधे बसवून यात काय फरक पडेल. दुसरं, पैसा कंपनीचा घ्यावा का, की सरकारी कुठून मिळतो, की बाहेरच्या देशातल्या फंडरकडे जावं (एक ओळखीची संस्था म्हणते तिकडे या विषयाला पैसा असतो). आणि तिसरं म्हणजे, आज ज्या ठाणेदाराला, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखाला, आम्ही ट्रेनिंग देऊ त्याच्याच विरोधात उद्या एखाद्या केसमधे एसपींकडे अर्ज द्यावा लागला तर? आमच्यातल्या एका ताईचं म्हणणं आहे की सरळ नको म्हणा. दुसरी म्हणते की आपण नाही घेतलं तर नागपूरची कुठलीतरी इव्हेंटवाली एजन्सी घेईल आणि पीपीटी दाखवून निघून जाईल. दोघींचं पटतं.

बक्कलनंबर_जुना:

ताई, मी खात्यातून रिटायर झालो, सारी नोकरी ठाण्यातच गेली, म्हणून आतलं सांगतो. तुमी जे वर्कशॉप म्हणून रायल्या ना ते कसं होते पाहा. एसपी ऑफिसातून मेसेज येते का अमुक तारखेला दर ठाण्यातून चार कर्मचारी पाठवा. मंग ठाणेदार पायते का आज मोकळा कोण हाये. ज्याच्यावाचून काम अडत नाही तोच जाते. कोणाचे गुडघे दुखते, कोणाची रिटायरमेंट जवळ आली, कोणाले जिल्ह्याच्या गावी बँकेचं काम हाये. ठाणे अंमलदार अन् बीट जमादार, ज्यायच्याशी बाईचं पयलं बोलणं होते, ते कधीच मोकळे नसते. ठाणेदार साहेब तर उद्घाटनाले फोटोपुरते. आमच्यासाठी ट्रेनिंग म्हंजे बंदोबस्तातून सुटका अन् जेवण बरं भेटते, खोटं कायले सांगू.

तारखा पण पाहून घ्या. पोळा, गणपती, दुर्गा, निवडणूक, त्यात माणूस भेटत नाही. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन असलं का पुऱ्या विदर्भातली ठाणी अर्धी रिकामी होते. तुमच्या सीएसआरवाल्याचं वर्ष मार्चले संपते, म्हंजे ते तुमाले जानेवारी-फेब्रुवारीत सारं उरकायले लावतीन. एका महिन्यात आठ वर्कशॉप, हे मी पाह्यलं हाये.

बदलीचं पण बोलतो. कायद्यात फौजदार-पीआय ले ठाण्यात दोन वर्षं अन् कर्मचाऱ्याले पाच वर्षं अशी मुदत हाये. म्हंजे ठाणेदाराले तुमी शिकवान अन् तो जाईन, पण हवालदार, शिपाई हे राह्यते. जोर त्यायच्यावर लावा. अन् हॉलमधे नाही, ठाण्यातच. सकाळच्या हजेरीनंतर एक-दीड तास, ठरलेल्या वारी, एक ठाणं घेतलं का सहा-आठ महिने तेच ठाणं. आज अर्धे आले, पुढच्या खेपेले उरलेले.

सगळ्यात मोठी गोष्ट तं कोणी बोलतच नाही. ठाणेदार गुन्हा दाखल करत नाही ते बाईचं दुःख त्याले समजत नाही म्हणून नाही. दर महिन्याले एसपी साहेबाची क्राइम मिटिंग असते. तिथं मागच्या वर्षीचा आकडा अन् या वर्षीचा आकडा बाजूबाजूले ठेवते. आकडा वाढला का साहेब विचारते, काय चालू हाये तुमच्या हद्दीत? आता तुमी ट्रेनिंग दिलं, बायका यायले लागल्या, गुन्हे दाखल झाले, तं आकडा वाढनच. त्या ठाणेदाराले शाबासकी भेटन का बोलणे बसन? हे पयले एसपीकडून ठरवून घ्या, लेखी. नाही भेटलं तं पैसा कोणाचाही असो, काही होत नाही.

तूरदाळ:

बक्कलनंबर काका, क्राइम मिटिंगचं बोललात ते शंभर टक्के बरोबर. आम्ही इतकी वर्षं हेच भोगतोय.

अडाणकाठची ताई, मी जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशनाचं काम करते, पोलिसांच्या आवारातच बसते. माझं स्पष्ट मत आहे की ट्रेनिंग देऊ नका, माणूस बसवा. हे काही नवीन नाही, मुंबईत १९८४ मधे टाटा इन्स्टिट्यूट म्हणजे टिसनं पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, पोलिसांच्या जागेत बसायचं पण पोलिसांच्या हाताखाली नाही, पगार पोलिसांचा नाही. नंतर राज्य सरकारनं ते उचललं आणि इतर जिल्ह्यांत नेलं. त्यातली खरी गंमत हीच आहे की समोर केस चालू असताना शेजारी बसलेला हवालदार रोज ऐकतो की बाईला प्रश्न कसा विचारायचा, नवऱ्याला बोलावलं तर बाईला त्याच्या शेजारच्या खुर्चीवर का बसवायचं नाही, सासूनं मधेच बोलायला सुरुवात केली तर काय करायचं. हे पीपीटीतून येत नाही हो.

पण ते सगळीकडे पोचलं नाही. तालुक्याच्या बऱ्याच ठाण्यांत, आऊटपोस्टला काही नाही. २०१९ मधे केंद्रानं महिला सुरक्षेसाठीच्या निर्भया फंडातून देशातल्या दहा हजार ठाण्यांमधे महिला हेल्प डेस्क करायला शंभर कोटी मंजूर केले, म्हणजे ठाण्यामागं लाखभर. लाखात टेबल येतं, खुर्ची येते, बोर्ड येतो. पगार येत नाही. त्या योजनेत वकील, मानसशास्त्रज्ञ आणि संस्थांचं पॅनल करावं असं पण होतं, तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात जाऊन विचारा पॅनलवर कोण आहे, बहुतेक जागी तो कागद फाईलमधेच सापडेल. तुमच्यासाठी तीच जागा आहे, तिथून आत शिरा.

आणि शिकवायचंच असेल तर स्त्री-पुरुष समानता, समाजातलं स्त्रीचं स्थान वगैरे सुरुवात करू नका. दहा मिनिटांत मोबाईल निघतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ५ काढा, तक्रार आली की पोलिसानं बाईला काय काय सांगायचं हे त्यात सरळ लिहिलंय, की तुला संरक्षण आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी कोण आहे, मोफत वकील मिळतो, गुन्हा पण दाखल करता येतो. ते एक कलम ठाण्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ झालं तर मी म्हणेन प्रोजेक्ट पास. त्याच कायद्याच्या कलम ११ मधे पोलिसांना वेळोवेळी असं प्रशिक्षण देणं ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे, त्यामुळे तुम्ही उपकार मागायला जात नाही, सरकारचंच राहिलेलं काम करायला जाताय हे डोक्यात ठेवा.

ऑडिटवाला_दादा:

पैशाचं मी बोलतो, बाकी तुम्हा लोकांना जास्त कळते.

बाहेरच्या देशातला पैसा या कामाले घेताना फार जपून. एक तर एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याची नोंदणी पाहिजे, ती तुमच्याकडे असेल असं वाटत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेले तो पैसा वाटून द्यायची सोय बंद झाली, म्हणजे ओळखीची संस्था घेईल आणि तुम्हाले देईल हे होणार नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पण ५० वरून २० टक्क्यांवर आली. आणि तुमच्या कामात खास अडचण अशी की त्या कायद्यानं सरकारी नोकरानं विदेशी पैसा घ्यायचाच नाही. पोलीस सरकारी नोकर. मानधन, प्रवासभत्ता, गिफ्ट, बॅग, अशा कोणत्याही हेडखाली पोलिसाच्या नावापुढे रक्कम दिसली की संपलं. चहा-जेवणाचं बिल पण मी तरी त्या खात्यातून टाकणार नाही.

सीएसआरचं सोपं आहे. आयकराची १२ए, ८०जी आणि कंपनी मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी असली की झालं, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्त्री-पुरुष समानता आहेच. पण कंपनी कोणती ते पाहा. नाव विचारत नाही. यवतमाळ-चंद्रपूर म्हटलं की कोळसा नाहीतर सिमेंट डोळ्यापुढं येते. उद्या त्याच कंपनीच्या गेटवर धुळीसाठी नाहीतर जमिनीच्या मोबदल्यासाठी गावातल्या बायका बसल्या, तर त्यांना उचलायले कोण येईल? तुम्ही ट्रेनिंग दिलेला पोलीस. पैसा कोणाचा? गेटच्या आतल्याचा. आणि बायका कोणाच्या? तुमच्या बचत गटाच्या. तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलान? कंपनीचा प्लांट दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर घ्या, याच जिल्ह्यात असेल तर मी ऑडिटर असूनही म्हणतो, राहू द्या.

सरकारी पैसा हळू येते पण असते. जिल्हा वार्षिक योजनेत महिला-बालविकासासाठी ३ टक्के राखून ठेवायचा राज्याचा निर्णय आहे, त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडून प्रस्ताव जावा लागते, नियोजन समितीच्या बैठकीआधी. खाणीवाले जिल्हे असतील तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे, त्याच्या प्राधान्य यादीत महिला-बालकल्याण आहे. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असते, गावातल्या मेळाव्यांसाठी तो काढायला लावा. एक गोष्ट मात्र पक्की ठेवा, पोलीस खात्याचा पैसा घेऊ नका. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच चेकवर पगार, हे बसत नाही.

नाव_नको:

मी खात्यात आहे, महिला कर्मचारी, ग्रामीण ठाणं. जास्त ओळख देत नाही.

वरचं सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय, पण आमच्याबद्दल कोणी काहीच बोललं नाही म्हणून लिहितेय. ठाण्यात कोणतीही बाई आली की "मॅडमला बोलवा". माझी ड्युटी संपलेली असली तरी, मी रजेवर असली तरी फोन. आरोपी बाई असली तरी मीच, मेडिकलला न्यायचं तरी मीच, कोर्टात तरी मीच, मोर्चात बायका असल्या तरी मीच. त्यामुळे पुरुष कर्मचारी शिकतच नाहीत, त्यांना गरजच पडत नाही. पोक्सोमधे, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, मुलीचा जबाब शक्यतो पीएसआय दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यावा असं आहे, तिच्या घरी जाऊन, वर्दी न घालता. आमच्याकडे महिला पीएसआय नाही, दुसऱ्या ठाण्यातून येते, तोपर्यंत ती पोरगी आणि तिची आई बाकावर. वेगळी खोली नाही. माझ्यासाठी वेगळं बाथरूम आहे पण त्यात जप्तीचा माल ठेवलाय, दारूच्या कॅन. हसू नका, खरं आहे.

संस्थेच्या मॅडम येतात तेव्हा आम्हाला असं बोलतात की जणू आम्हीच मारून आलोय बाईला. आमच्यातल्या किती जणींच्या घरी काय चालतं ते कोणी विचारत नाही.

तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर आम्हाला हे सांगा, की रात्री दोन वाजता बाई आणि दोन लेकरं ११२ च्या गाडीनं ठाण्यात आणली, नवरा घरी कुऱ्हाड घेऊन बसलाय, माहेर तेलंगणात, तर तिला पाठवायचं कुठं? अशा बाईला आसरा देणारं सखी वन स्टॉप सेंटर जिल्ह्याला आहे, सत्तर किलोमीटर. गाडी एकच, ती गस्तीवर. आम्ही म्हणतो सकाळपर्यंत बस इथंच, आणि सकाळी ती स्वतःच म्हणते जाऊ द्या मॅडम, म्हशीची धार काढायची राहिली. एक पान लॅमिनेट करून ठाणे अंमलदाराच्या टेबलावर लावा, त्यावर रात्री फोन उचलणाऱ्या लोकांचे नंबर, कार्यालयीन वेळेतले नाही. आणि गाडीचं भाडं कोण देईल ते. तुमच्या बजेटमधे तेवढं टाकलं तरी माझा नमस्कार तुम्हाला.

बक्कलनंबर_जुना:

पोरी, बाथरूमातल्या कॅनचं वाचून वाईट वाटलं अन् हसू पण आलं. आमच्या काळी तं बाथरूमच नव्हतं.

पल्याडचा_सातपुडा:

तुम्ही विचारलं की फरक पडतो का, तर यावर बरंच तपासून झालंय. मी संशोधनातला माणूस आहे, जरा कोरडं वाटेल.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात १८० ठाणी घेऊन महिला हेल्प डेस्कचा अभ्यास झाला, २०२२ मधे सायन्स नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठाणी वाटून घेतली, काहींत डेस्क, काहींत डेस्क आणि तो चालवायला महिला अधिकारी, काही जशीच्या तशी. डेस्क म्हणजे नुसतं टेबल नव्हतं, बोलायला आडोसा, कामाची ठरलेली पद्धत, प्रशिक्षण आणि गावातल्या महिला गटांशी संपर्क असं सगळं मिळून होतं. तिथे बायकांच्या तक्रारी नोंदवण्याचं प्रमाण वाढलं, आणि एफआयआर वाढले ते मुख्यतः जिथे महिला अधिकारी डेस्क चालवत होती तिथे. अटका मात्र वाढल्या नाहीत. म्हणजे कागद हलला, त्यापुढचं तितकं नाही. पण जिथे कागदच होत नव्हता तिथे हे कमी नाही.

याच्या उलट २०२१ चा सहा देशांतला अभ्यास आहे, ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा. तिथे कम्युनिटी पोलिसिंग करून पाहिलं, म्हणजे साधारण तुमच्या फंडरचे संवाद मेळावे. विश्वास वाढला नाही, गुन्हे कमी झाले नाहीत. कारणं लिहिलीत ती वाचून बक्कलनंबर काकांची आठवण येते, साहेबांच्या बदल्या, वरून रेटा नाही आणि लोकांनी मेळाव्यात जे सांगितलं त्यावर काही करायला ठाण्याकडे माणूस नाही, गाडी नाही.

राजस्थानात पण आधी एक मोठा प्रयोग झाला होता, त्यात प्रशिक्षणाचा उपयोग दिसला पण ठाण्यातले जितके जास्त लोक प्रशिक्षणाला गेले तितका. ठाण्यामागं चार जण उचलून आणले तर काही दिसत नाही. त्यातच गावातल्या लोकांनी आळीपाळीनं फुकट ठाण्यात बसून निरीक्षण करायचं असं पण करून पाहिलं, ते टिकलं नाही. म्हणून तूरदाळ ताईंच्या म्हणण्याला माझी जोड अशी की माणूस बसवा, पण पगार देऊन.

काळाकोट_दारव्हा:

वकील आहे, दोनच मुद्दे.

लोकांचा समज आहे की गुन्हा नोंदवला नाही तर पोलिसाला शिक्षा होते. होते, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मधे ती लैंगिक अत्याचार, विनयभंग, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा ठरावीक गुन्ह्यांपुरती आहे. नवऱ्याकडून छळ, म्हणजे जुनं ४९८अ आणि आताचं ८५, त्या यादीत नाही. म्हणून त्याच तक्रारीला सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. शिवाय सुप्रीम कोर्टानं एफआयआर बंधनकारक केला त्या २०१३ च्या ललिताकुमारी निकालात नवरा-बायकोच्या वादात प्राथमिक चौकशीला मुभा ठेवली होती, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपीच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ठाण्यात या चौकशीचा अर्थ समजूत घालणं असा काढतात. चौकशी म्हणजे परवानगी, स्टेशन डायरीला नोंद आणि मुदतीत निर्णय, हे तुमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी पाहिजे. अधिकाऱ्यांना विचारा की शेवटची परवानगी कधी मागितली होती, हॉल शांत होईल.

दुसरं, तुमच्या ताई म्हणतात सरळ नको म्हणा, त्यामागची भीती मला समजते. गडचिरोलीच्या देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ मधे एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला, नागपूर खंडपीठानं दिलेली शिक्षा सुप्रीम कोर्टानं १९७८ मधे रद्द केली, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मधे कायदा बदलला. तेव्हा संघटना ठाण्याच्या बाहेर उभ्या होत्या म्हणून बदल झाला. आत बसायला जाताना बाहेर उभं राहायचा हक्क कागदावर ठेवा, म्हणजे करारात एक कलम असं की कोणत्याही केसमधे संस्था वरिष्ठांकडे, आयोगाकडे, कोर्टात तक्रार करू शकते आणि त्यामुळे करार संपणार नाही. एवढं कलम ज्या साहेबाला चालत नाही त्याच्याबरोबर करार करायचा नाही.

बेड्यावरची:

सगळे बाईबद्दल बोलताय, कोणती बाई ते पण बोला. आमच्याकडे पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोलीस पहाटे येतात, माणूस सापडला नाही तर बाईला नेतात. ती बाई नवऱ्यानं मारलं म्हणून त्याच ठाण्यात जाईल असं वाटतं का तुम्हाला? ती तर पोलीस पाटलाच्या दारात पण जात नाही. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू बाईची तक्रार मराठीत लिहितात, वाचून दाखवतात मराठीत आणि अंगठा घेतात. तिनं काय सांगितलं ते तिलाच माहीत. प्रशिक्षणात शिकवायला पारधी, कोरकू, कोलाम बायका पाहिजेत, त्यांना मानधन पण नागपूरच्या मॅडमइतकंच. नाहीतर जेंडर म्हणजे फक्त आपल्या ओळखीच्या बायका.

तूरदाळ:

हे राहूनच गेलं होतं, बरं झालं लिहिलं. अजून एक, आपल्याकडच्या बायका पोलिसांकडे पहिल्यांदा जातात ते बहुतेक मारहाणीसाठी नाही, गावातल्या दारूसाठी. वर्धा-गडचिरोलीत दारूबंदी असून विकणारा गावातच असतो, बायका गटानं जातात, कॅन पकडून देतात आणि दुसऱ्या दिवशी विकणाऱ्याला नावं कळलेली असतात. पोलिसाशी नातं तिथेच बिघडतं. संवाद मेळावा घ्यायचाच असेल तर माहिती देणाऱ्या बाईचं नाव फुटणार नाही, फुटलं तर जबाबदार कोण, एवढ्या एकाच विषयावर घ्या, बघा किती बायका येतात.

अडाणकाठची:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. नाव_नको ताई, तुमचं वाचून आम्ही दोघी गप्पच बसलो होतो थोडा वेळ. लॅमिनेट पान आणि रात्रीची गाडी हे बजेटमधे पहिल्या ओळीला टाकलंय.

आज बैठक झाली. कंपनीचा प्लांट या जिल्ह्यात नाही हे बघून घेतलं. त्यांना असं सांगणार आहोत की जिल्ह्याचा हॉल नको, सगळ्या जिल्ह्यातली ठाणी नको, तीन ठाणी द्या, एक वर्षाऐवजी दोन वर्षं द्या, ठाण्यात एक-एक कार्यकर्ती पगारावर बसेल, हजेरीनंतरचे तास ठाण्यातच, तीनपैकी एका ठाण्याच्या हद्दीत बेडा आणि कोलामांचे पोड (वस्त्या) आहेत तिथे शिकवायला तिथल्याच बायका. नाही म्हणाले तर नाही म्हणाले. एसपींकडे क्राइम मिटिंगचं आणि तक्रारीच्या हक्काचं कलम घेऊन जाणार. काका, पत्रात आकडा वाढला तर बोलू नका हे कसं लिहायचं? तसंच लिहिलं तर साहेब चिडतील ना. आणि ऑडिट दादा, तीन कार्यकर्तींचे पगार बघून कंपनीवाले म्हणतील हा तर सगळा प्रशासकीय खर्च आहे, त्याचं काय?

बक्कलनंबर_जुना:

तसं नका लिहू. असं लिहा का या तीन ठाण्यांमधी महिलांच्या तक्रारींची नोंद क्राइम मिटिंगमधी वेगळ्या तक्त्यात दाखवावी अन् आलेल्या तक्रारीपैकी किती नोंदवल्या ते पाहावं. म्हंजे साहेबाच्या डोळ्यापुढं आकडा तोच राहीन पण त्याचा अर्थ बदलन. नोंद कमी झाली तं ठाणेदाराले विचारणा, वाढली तं नाही. अन् साहेब नवीन आले का पत्र पुन्हा नव्यानं द्या, जुन्या साहेबाची सही नवीन साहेब पाहत नाही. पत्र आवक शाखेत द्या, शिक्का घ्या. एसपी साहेबाच्या रीडरले पण एक कॉपी द्या, मिटिंगचे तक्ते तोच बनवते.

ऑडिटवाला_दादा:

पगाराचं घाबरू नका. सीएसआर नियमात ज्या प्रशासकीय खर्चाले ५ टक्क्यांची मर्यादा आहे तो कंपनीचा स्वतःचा सीएसआर विभाग चालवायचा सर्वसाधारण खर्च. प्रोजेक्ट राबवायले, देखरेखीले जो थेट खर्च होते तो त्यात येत नाही. ठाण्यात बसणारी कार्यकर्ती म्हणजेच तुमचा प्रोजेक्ट, तिचा पगार प्रोजेक्ट खर्चातच दाखवा, हेड वेगळं, नियुक्तीपत्र वेगळं, हजेरीपत्रक ठाण्यात न ठेवता संस्थेत ठेवा. तुमचा स्वतःचा ऑफिसचा खर्च मात्र मोजूनमापून. दोन वर्षांसाठी "चालू प्रकल्प" म्हणून मंजुरी मागा, म्हणजे ३१ मार्चले उरलेला पैसा उडवायची घाई राहत नाही, कंपनी तो वेगळ्या खात्यात ठेवू शकते. आणि रात्रीच्या गाडीसाठी आधीच दोन-तीन गाडीवाल्यांचे दर लिहून घ्या. रात्री दोन वाजता कोणी पावती देत नाही, तेव्हा ठाणे अंमलदाराच्या सहीची लॉगशीट ठेवा, मी तरी ती मान्य करतो.